सहपत्र उघडण्यापूर्वी : संशयास्पद ई-मेलचे वाचन



मागील घटकात आपण कार्यालयीन पत्राची अंगे पाहिली. जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, मजकूर, स्वाक्षरी आणि शेवटी सहपत्रांची यादी असा तो क्रम होता. या घटकात त्याच पत्राचे एक खोटे रूप आपल्याला वाचायचे आहे. ते ई-मेलने येते, त्याला एखादी फाइल जोडलेली असते आणि ती फाइल उघडली की आपल्या संगणकाचा किंवा मोबाइलचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकतो. हा विषय संगणकशास्त्राचा असताना मराठीच्या पुस्तिकेत का, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. संगणकाची सुरक्षा भेदण्यापेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडून दार उघडून घेणे चोराला स्वस्त पडते, आणि ते दार उघडून घेण्यासाठी तो चार वाक्ये लिहितो. ती वाक्ये कशी वाचावीत, हे सांगणे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे.

प्रथम एक नमुना पाहू. तो अध्यापनासाठी मी रचलेला आहे. मात्र चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या संपर्कसत्रांत विद्यार्थी आपल्या मोबाइलवर मला जे दाखवतात, त्यापासून तो फार दूर नाही.

प्रेषक : परीक्षा व मूल्यमापन विभाग
विषय : प्रवेशपत्रातील त्रुटीची दुरुस्ती करण्याबाबत

महोदय/महोदया,
उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या परीक्षा अर्जातील छायाचित्र अस्पष्ट असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सोबत जोडलेली फाइल उघडून दुरुस्ती 24 तासांच्या आत पूर्ण करावी. विहित मुदतीत पूर्तता न केल्यास आपणांस परीक्षेस बसू दिले जाणार नाही, याची नोंद घ्यावी.
सहपत्र : प्रवेशपत्र-दुरुस्ती.पीडीएफ.झिप (संकेतशब्द : 2468)
विभागप्रमुख

आपण हे पत्र पुन्हा एकदा वाचावे आणि त्यातील भाषेच्या चुका शोधाव्यात. एकही सापडणार नाही.

शुद्ध मराठीचा धाक

‘खोट्या ई-मेलमध्ये अशुद्धलेखन असते’ हा नियम मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात सांगत आले. यंत्राने इंग्रजीवरून ओढूनताणून केलेल्या भाषांतराच्या काळात तो बऱ्यापैकी खराही होता. ‘प्रिय मौल्यवान ग्राहक’ असे संबोधन कोणत्याही मराठी माणसाच्या लेखणीतून उतरत नाही, हे दाखवून दिले की विद्यार्थी हसत आणि नियम लक्षात ठेवत. आता तो नियम मी मागे घेते. आजची यंत्रे वरच्यासारखे निर्दोष कार्यालयीन मराठी क्षणात लिहून देतात.

खरे तर तो नियम पूर्वीही अपुराच होता. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी 2016 मध्ये पडलेला दरोडा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने पुढे न्यायालयात मांडलेल्या माहितीनुसार त्याची सुरुवात साध्या ई-मेलने झाली. नोकरीच्या शोधात असलेला एक उमेदवार बँकेच्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे लिहितो आणि आपला परिचय-तपशील सोबतच्या दुव्यावरून उतरवून पाहण्याची विनंती करतो. त्या फाइलच्या पोटात घातक प्रोग्राम होता. वर्षभर चोर आत दबून राहिले आणि मग त्यांनी न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे 95 कोटी डॉलर बाहेर काढण्याचे आदेश धाडले. त्यांपैकी 8 कोटी 10 लाख डॉलर खरोखर गेले. श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे निघालेले 2 कोटी डॉलर मात्र अडले. आदेशात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकून ‘फँडेशन’ असे झाले होते आणि वाटेतल्या बँकेला शंका आली. भाषेच्या अध्यापकाला आनंद व्हावा अशी ही कथा आहे. पण नीट पाहा. चूक सापडली ती शेवटी, पैसे निघाल्यावर. ज्या पत्राने दार उघडले, ते कोणालाही खटकले नव्हते.

दोन वर्षांनी, ऑगस्ट 2018 मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम घुसवून 94 कोटींहून अधिक रुपये पळवण्यात आले. त्यांतील मोठा भाग 28 देशांतील एटीएममधून काढला गेला. दोन्ही प्रकरणांत बोट दाखवले गेले ते उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे. दूरदेशी बसलेल्या माणसाला आपल्या गावातील खातेदाराचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

शुद्धतेच्या नियमाबद्दल माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि ती आपल्या दोन जिल्ह्यांपुरती फार महत्त्वाची आहे. आपल्यापैकी अनेकांची घरची भाषा प्रमाण मराठी नाही. कोणी माडिया किंवा गोंडी बोलत वाढले, कोणी झाडीबोली. सिरोंच्याकडील विद्यार्थी तेलुगू घेऊन येतात, मुलचेऱ्याकडील काही बंगाली. प्रमाण मराठी आपण शाळेत शिकलो, आणि ‘उपरोक्त विषयान्वये’ ही भाषा तर वनखात्याच्या, तहसिलीच्या आणि बँकेच्या कागदांवरच पाहिली. त्यामुळे एक समजूत मनात खोल रुजते : अशी भाषा लिहितो तो अधिकारी, आणि तिच्यात काही खटकले तर चूक आपलीच असणार. फसवणाऱ्याला हवी असते ती हीच समजूत. ज्याला भाषेचा धाक वाटतो तो पत्राला प्रश्न विचारत नाही.

म्हणून आपण प्रश्न विचारायला व्याकरणाची मदत घेऊ. नमुन्यातील ‘कळविण्यात येते’ हे क्रियापद पाहा. आपल्या व्याकरणात अशा रचनेला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे की कर्ता वाक्यातून गळून पडतो. ‘निदर्शनास आले आहे’ : कोणाच्या? ‘बसू दिले जाणार नाही’ : कोण देणार नाही? खऱ्या कार्यालयीन पत्रातही हीच रचना असते. पण तेथे गळलेला कर्ता पत्राच्या इतर अंगांत सापडतो. जावक क्रमांक असतो, संदर्भात आधीच्या पत्राचा किंवा परिपत्रकाचा दाखला असतो, स्वाक्षरीखाली नाव आणि पदनाम असते. आपला परीक्षार्थी क्रमांकही त्या कार्यालयाला ठाऊक असतो. नमुन्यात यांतले काहीच नाही. ‘विभागप्रमुख’ हे पद आहे, माणूस नाही. ‘महोदय/महोदया’ लिहिणाऱ्याला आपण स्त्री की पुरुष हेही माहीत नाही, आणि तरी त्याने आपले छायाचित्र पाहिले आहे!

एवढ्यावरून पत्र खोटेच ठरते असे नाही. आपली कार्यालयेही घाईत निष्काळजी पत्रे पाठवतात. परंतु फाइल न उघडता थांबण्यास हे कारण पुरेसे आहे.

शेवटचा प्रत्यय

आता सहपत्राच्या नावाकडे वळू. मराठीत शब्दाचे वाक्यातील काम शेवटचा प्रत्यय ठरवतो. ‘घर’, ‘घरासमोर’, ‘घरासमोरच्या’, ‘घरासमोरच्यांना’ : मूळ शब्द घर असला तरी शेवटी आपण माणसांविषयी बोलत आहोत. फाइलच्या नावाचेही तसेच असते. नावातील शेवटच्या टिंबानंतर जे येते तेच त्या फाइलचे खरे काम सांगते. आधी ‘पीडीएफ’ लिहिले काय किंवा ‘निकाल’ लिहिले काय, त्याला अर्थ नाही. ‘प्रवेशपत्र.पीडीएफ.ईएक्सई’ हे प्रवेशपत्र नव्हे; तो विंडोज संगणकावर चालणारा प्रोग्राम आहे. ‘लग्नपत्रिका.एपीके’ ही पत्रिका नव्हे. ते अँड्रॉइड मोबाइलवर बसणारे ॲप आहे. असे ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते, आपण ‘अलाऊ’ दाबतो आणि त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्याबरोबर तेही वाचू लागते. वाहतूक दंडाचे चलन आणि लग्नाची पत्रिका या रूपांत अशा एपीके फाइली ई-मेलपेक्षा व्हॉट्सॲपवरून अधिक फिरतात. कोणतेही शासकीय कार्यालय चलन ॲपच्या रूपात पाठवत नाही, आणि काकांनाही लग्नाला बोलावण्यासाठी ॲप लागत नाही.

विंडोजची एक खोड येथे सांगायला हवी. परिचित प्रकारच्या फाइलींचा शेवटचा प्रत्यय ते मूळ मांडणीनुसार लपवून ठेवते. ‘प्रवेशपत्र.पीडीएफ.ईएक्सई’ आपल्याला ‘प्रवेशपत्र.पीडीएफ’ असे दिसते. फाइल एक्सप्लोररमधील ‘व्ह्यू’ या यादीत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की लपलेला प्रत्यय दिसू लागतो. आज संगणकापाशी बसाल तेव्हा एवढे जरूर करा.

या लपवाछपवीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 4 मे 2000 चे आहे. फिलिपिन्समधील एका तरुणाने सोडलेला ई-मेल त्या दिवशी जगभर पसरला. विषय होता ‘आय लव्ह यू’ आणि सोबत प्रेमपत्राच्या नावाची फाइल होती. तिच्या नावात आधी साध्या मजकुराचा ‘टीएक्सटी’ हा प्रत्यय होता आणि त्यानंतर ‘व्हीबीएस’ हा प्रोग्रामचा. दुसरा बहुतेकांना दिसलाच नाही. फाइल उघडताच ती त्या संगणकातील पत्तापुस्तिका वाचून प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवत असे. म्हणजे प्रेमपत्र आले ते अनोळखी माणसाकडून नव्हे, तर सहकाऱ्याकडून किंवा वरिष्ठाकडून. ओळखीचा प्रेषक हा खरेपणाचा पुरावा नाही, हे जग त्या दिवशी शिकले. मला ते बऱ्याच उशिरा कळले. एका सहकारी प्राध्यापकांच्या पत्त्यावरून ‘मानधनाचा तपशील’ अशी फाइल मला आली. मानधन रखडलेले असल्यामुळे ती उघडण्याचा मोह मोठा होता. सुदैवाने ते गृहस्थ प्राध्यापक-कक्षात माझ्या समोरच चहा घेत होते. ‘मी काहीच पाठवले नाही,’ म्हणाले. त्यांचे खाते आदल्या रात्रीच दुसऱ्याच्या हाती गेले होते.

नमुन्यातील शेवटचा प्रत्यय ‘झिप’ आहे. झिप म्हणजे गाठोडे. आत काय बांधले आहे ते बाहेरून कळत नाही. त्यातही हे गाठोडे कुलूपबंद आहे आणि किल्ली पत्रातच दिली आहे. किल्ली सोबत द्यायची तर कुलूप कोणासाठी? ते ई-मेल सेवेच्या पहारेकऱ्यासाठी असते. जीमेलसारख्या सेवा येणाऱ्या फाइली तपासतात आणि धोकादायक प्रकार अडवतात. संकेतशब्द लावलेल्या गाठोड्याच्या आत मात्र त्यांना पाहता येत नाही. बँका खातेउतारा संकेतशब्द लावून पाठवतात हे खरे. पण तो संकेतशब्द आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या जन्मतारखेसारख्या माहितीवरून बनतो, उघड अंकांत पत्रात लिहिलेला नसतो.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींमध्ये ‘मॅक्रो’ नावाचे छोटे प्रोग्राम दडवता येतात. फाइल उघडल्यावर ‘मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा’ अशी सूचना फाइलमध्येच लिहिलेली दिसली, तर ती फाइल बंद करावी. 2022 पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्यास सुरुवात केली आहे. अभ्यासकेंद्रातील किंवा सायबर कॅफेतील जुन्या ऑफिसवर मात्र विसंबू नये. पीडीएफ तुलनेने निरुपद्रवी असते, परंतु तिच्यातील दुवा निरुपद्रवी असेलच असे नाही. ‘एचटीएमएल’ प्रत्ययाची फाइल उघडल्यावर बँकेचे किंवा जीमेलचे प्रवेशपान दिसले, तर ते पान बँकेचेही नाही आणि जीमेलचेही नाही.

पत्ता हा तत्पुरुष समास आहे

तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते. राजपुत्र हा पुत्र आहे, राजा नाही. ई-मेलच्या पत्त्यातील ॲट चिन्हानंतरचा भाग याच रीतीने, उजवीकडून वाचावा. महाराष्ट्र शासनाचे पत्ते ‘महाराष्ट्र.जीओव्ही.इन’ असे संपतात. ‘महाराष्ट्र.जीओव्ही.इन.निकाल-सेवा.टॉप’ या पत्त्यात शासनाचे नाव पुढे मिरवते, पण प्रधान पद ‘निकाल-सेवा.टॉप’ आहे आणि ते कोणीही विकत घेऊ शकतो. ॲट चिन्हाच्या आधी तर वाटेल ते लिहिता येते. मोबाइलवर पुष्कळदा केवळ ‘परीक्षा विभाग’ असे नावच दिसते. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडून पाहावा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये ‘बँक.इन’ असा स्वतंत्र शेवट ठरवून दिला आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सर्व बँकांनी तो स्वीकारावा असे सांगितले. आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही तो लागू आहे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. तालुक्याच्या ठिकाणची कित्येक कार्यालये आजही साध्या जीमेल पत्त्यावरून पत्रव्यवहार करतात. जनतेने सावध राहावे असे सांगणाऱ्या यंत्रणेने आधी स्वतःचे पत्ते वापरावेत, असे माझे मत आहे. तोवर हे ध्यानात ठेवावे की चुकीचा शेवट हा संशयाचा ठोस पुरावा आहे. बरोबर दिसणारा शेवट मात्र खरेपणाची हमी नाही, कारण प्रेषकाचा पत्ता कधीकधी बनावटही करता येतो.

रेंज मिळते तेवढ्या वेळात

‘24 तासांच्या आत’ हे शब्द शहरातील माणसाला घाई करतात; भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील विद्यार्थ्याला ते अधिक घाई करतात. रेंज मिळते ती एखाद्या टेकाडावर किंवा रस्त्याच्या विशिष्ट वळणावर. तेथे उभे राहून दहा मिनिटांत सगळे संदेश उतरवायचे आणि उत्तरे पाठवायची असतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो; चौकशीसाठी प्रत्यक्ष जाणेही शक्य नसते. अशा वेळी ‘उघडून तर पाहू’ हा विचार स्वाभाविक आहे. म्हणून रेंजमध्ये असताना केवळ पत्र वाचावे, फाइल उतरवू नये. घरी येऊन पत्र पुन्हा वाचावे. पुढच्या खेपेला, पुस्तिकेवर छापलेल्या किंवा आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर अभ्यासकेंद्राला फोन करून विचारावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. तो उचलणारा माणूस पत्र लिहिणाराच असेल.

अनोळखी पत्रे उघडूच नका, हा सल्ला सर्वांना पाळता येत नाही. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. हंगामापूर्वी अनोळखी व्यापाऱ्यांची पत्रे येणारच, आणि ती उघडणे हे ग्रामसभेसाठी ई-मेल पाहणाऱ्या व्यक्तीचे कामच आहे. आपण असे काम करीत असाल, तर व्यापाऱ्याला दर आणि अटी पत्राच्या मजकुरातच लिहायला सांगाव्यात. फाइल पाहणे भागच असेल, तर ती न उतरवता ई-मेलमधील ‘प्रिव्ह्यू’मध्ये पाहावी; तेथे ती आपल्या संगणकावर न उघडता सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडते. ग्रामसभेच्या बँकखात्याचे व्यवहार ज्या मोबाइलवरून होतात, त्यावर हा ई-मेल ठेवूच नये. सायबर कॅफेत छपाईसाठी फाइल उघडताना आणखी एक भान असावे. त्या संगणकात आपल्याआधी आलेल्यांचे आधारकार्ड आणि सातबारे पडलेले असतात. आपण उघडलेली फाइल त्यांनाही भोवू शकते.

फाइल उघडली गेलीच तर

प्रथम इंटरनेट तोडावे : संगणकाचे वाय-फाय किंवा केबल, मोबाइलचा डेटा. मोबाइलवर एखादे ॲप बसले असेल तर ते काढून टाकावे. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि पैसे गेले असल्यास ताबडतोब 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी; रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ती अडवता येण्याची शक्यता असते. लेखी तक्रार केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात करता येते. ई-मेलचा आणि इतर खात्यांचे संकेतशब्द दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरून बदलावेत. मूळ ई-मेल पुसू नये. तो पुरावा आहे. आपल्या पत्त्यावरून इतरांना तसाच ई-मेल जाण्याची शक्यता असल्याने परिचितांना आणि अभ्यासकेंद्राला त्याच दिवशी सांगावे.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण असते. एका विद्यार्थिनीने, जी स्वतः अंगणवाडीत शिकवते, आठ दिवस कोणाला काही सांगितले नाही. ‘बीए करते आणि एवढे कळले नाही, असे म्हणतील,’ हे तिचे कारण होते. त्या आठ दिवसांत तिच्या पत्त्यावरून तिच्या बहिणीला आणि दोन सहकारी सेविकांना तोच ई-मेल गेला. तिघींनीही तो उघडला, कारण तो तिच्याकडून आला होता.

स्वाध्याय

आपल्या ई-मेलमधील ‘स्पॅम’ या कप्प्यात जा. कोणतीही फाइल किंवा दुवा न उघडता एक पत्र निवडा आणि सुमारे 150 शब्दांत लिहा : या पत्रातील कर्ता कोण आहे? ते आपल्याला कोणती क्रिया करायला लावते, आणि किती वेळात? सहपत्राच्या नावातील शेवटचा प्रत्यय कोणता? प्रेषकाच्या पत्त्यातील प्रधान पद कोणते? ते पत्र संपर्कसत्राला येताना वहीत हाताने उतरवून आणावे. कृपया मला फॉरवर्ड करू नये.